गाडी ‘सर्व्हिस करा’ म्हणते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅशबोर्डचा एक हललेला फोटो आणि खाली ‘हे काय आलंय?’ एवढंच. असे मेसेज मला महिन्यातून दोन-चार तरी येतात. फोटोत कधी पिवळा पाना असतो, कधी टक्क्यांचा आकडा, कधी नुसतंच एखादं अक्षर. विचारणाऱ्याला वाटत असतं की इंजिन गेलं. गाडी बिचारी फक्त सर्व्हिसिंगची आठवण करून देत असते. आणि कधीकधी याच्या अगदी उलट असतं: खरोखर थांबायला सांगणारा दिवा लागलेला असतो आणि माणूस ‘येत्या रविवारी दाखवतो’ म्हणत गाडी दामटत असतो. तेच तेच टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

पानाचं चिन्ह किंवा ‘सर्व्हिस ड्यू’ असं आलंय. गाडी थांबवू का?

नाही. हा आठवणीचा दिवा आहे, बिघाडाचा नव्हे. घरी जा, कामावर जा, आठवड्याभरात गॅरेजची वेळ घ्या.

मात्र पाना दिसला की प्रत्येक वेळी सर्व्हिसिंगच, असं धरून चालू नका. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत पिवळा पाना म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या नियंत्रणात बिघाड आढळला, असा अर्थ असतो. त्यामुळे आपल्या गाडीच्या पुस्तकात चिन्हांचं पान एकदा उघडून बघाच. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं.

मग ‘चेक इंजिन’चा दिवा वेगळा कसा?

सर्व्हिसची आठवण हिशेबातून येते: इतके किलोमीटर झाले, इतके महिने झाले. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा मात्र सेन्सरला काहीतरी चुकीचं दिसलं म्हणून लागतो, आणि त्यामागे गाडीच्या मेमरीत एक ठरावीक कोड साठवलेला असतो. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही बिघाड स्वतः ओळखून त्याचा कोड साठवणारी प्रणाली सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ पासून तसाच नियम आला. त्यामुळे आज कुठल्याही गॅरेजात स्कॅनर जोडला की तो कोड वाचता येतो.

हा दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवा. लुकलुकत असेल तर पाय हलका करा आणि शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर जातंय, आणि ते एक्झॉस्टमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो भाग महागडा असतो आणि अशा उष्णतेने वितळतो.

सर्व्हिसिंग करून हा दिवा जाईल, अशी आशा धरू नका. जाण्याचं काही कारणच नाही.

आणि लाल रंगाची ऑइलची झारी?

तिच्या टोकाला एक थेंब असतो, तीच ना? ती दिसली तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तेही लगेच, पुढच्या पंपापर्यंत नव्हे. तो दिवा सांगतो की ऑइलचा दाब पडलाय, म्हणजे आत धातूवर धातू घासायला लागलाय. या अवस्थेत इंजिन काही मिनिटांतही कायमचं जाऊ शकतं.

रंगांचा साधा नियम जगभर जवळपास सारखाच आहे. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे लवकरच, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती.

सर्व्हिसची वेळ झाली हे गाडीला कळतं तरी कसं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून जरा सविस्तर.

पहिला प्रकार नुसत्या मोजणीचा. शेवटच्या रीसेटपासून, म्हणजे मोजणी पुन्हा शून्यावर आणल्यापासून, ठरलेलं अंतर झालं की दिवा लागतो. तुम्ही गाडी कशी चालवली याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या अनेक मॉडेल्समध्ये ‘मेंटेनन्स रिक्वायर्ड’चा दिवा असाच ५,००० मैलांना लागतो, म्हणजे साधारण ८,००० किलोमीटरला. लोक त्यालाही बिघाड समजून घाबरतात.

दुसरा प्रकार हिशेबी डोक्याचा. बीएमडब्ल्यूने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मीटरमध्ये छोट्या हिरव्या दिव्यांची रांग बसवली. सर्व्हिसिंग झालं की सगळे हिरवे लागायचे आणि गाडी चालेल तसे एकेक विझत जायचे; मग पिवळा, आणि तरी दुर्लक्ष केलं तर लाल. गंमत म्हणजे ते विझण्याचा वेग नुसत्या अंतरावर ठरत नसे. इंजिन थंड असताना रेटलं किंवा फार वरच्या फेऱ्यांवर चालवलं, तर दिवे भराभर विझायचे. त्याच दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्सने ऑइलच्या आयुष्याचा हिशेब करणारी पद्धत गाड्यांत आणली. तिच्यामागे कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञ शर्ली श्वार्ट्झ आणि त्यांचे सहकारी होते. त्यांनी इंजिनाच्या फेऱ्या आणि तापमान या दोन गोष्टी धरल्या. फार थंड आणि फार तापलेलं, दोन्ही टोकांना ऑइल लवकर खराब होतं; मधल्या पट्ट्यात ते जास्त टिकतं. म्हणून प्रत्येक फेरी सारख्या भावाने न मोजता त्या वेळच्या तापमानाप्रमाणे कमी-जास्त वजनाने मोजायची.

हे वाहतूक कोंडीत कसं दिसतं बघा. समजा हायवेवर ८० च्या वेगाने इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्या मारतंय. तासात १,२०,००० फेऱ्या आणि ८० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १,५०० फेऱ्या. आता गाडी उभी आहे, एसी चालू आहे, फेऱ्या ७५०. तासाभरात ४५,००० फेऱ्या होतात. भागून बघा: जागच्या जागी उभं राहून इंजिनाने ३० किलोमीटरचं काम केलं आणि मीटरचा आकडा मात्र हलला नाही. किलोमीटरवर चालणाऱ्या दिव्याला हे कधीच कळत नाही, फेऱ्या मोजणाऱ्याला कळतं.

म्हणजे गाडी ऑइल तपासत नाही?

बहुतेक गाड्या नाहीच तपासत. हे वाक्य मी फोनवर इतक्या वेळा म्हटलंय की घरचे आता माझ्या आधी म्हणतात: दिवा मोजतो, बघत नाही.

अपवाद आहेत. मर्सिडीज-बेंझने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या पद्धतीत ऑइलची पातळी, तापमान आणि प्रत जोखणारा सेन्सर होता. आजही काही महागड्या गाड्यांत पातळीचा सेन्सर असतो, आणि त्यातल्या काहींत बॉनेटखाली ऑइल मोजायची पट्टीच नसते. पातळी स्क्रीनवर बघायची. पण सर्वसाधारण गाडीत ऑइलचं उरलेलं आयुष्य दाखवणारा टक्क्यांचा आकडा म्हणजे निव्वळ गणित आहे. ते गणित अनुभवावर बेतलेलं आणि बऱ्यापैकी विश्वासाचं आहे, पण शेवटी गणितच.

स्क्रीनवर ऑइल ४०% दाखवतंय. म्हणजे ४०% ऑइल शिल्लक आहे का?

नाही. ४०% उरलंय ते ऑइलचं आयुष्य, ऑइल नव्हे. आकडा ९०% असताना इंजिन जवळपास कोरडं असू शकतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी आधीची गाडी बरीच चाललेली होती. एकदा घाटात डावीकडे मोठं वळण घेताना लाल झारी क्षणभर चमकली आणि विझली. पुढच्या वळणावर पुन्हा. स्क्रीन मात्र ६०% म्हणत होती, त्या भरवशावर मी आणखी चारेक किलोमीटर गेलो, हे कबूल करायला लाज वाटते. थांबून पट्टी काढली तर खालच्या खुणेलाही ऑइल लागलं नव्हतं. फक्त टोकाला एक काळा ओरखडा. वळणावर उरलंसुरलं ऑइल एका बाजूला जायचं आणि पंप हवा ओढायचा. इंजिन वाचलं ते नशिबाने. ऑइल गळत नव्हतं, इंजिन ते थोडं थोडं पीत होतं, आणि मी पाच महिन्यांत एकदाही बॉनेट उघडलं नव्हतं.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी पट्टी बघतो. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबायचं, पट्टी काढून फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढून बघायची. पहिल्यांदा काढल्यावर दिसणाऱ्या पातळीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण नळीत उडालेलं ऑइल पट्टीला लागलेलं असतं. दोन खुणांच्या मध्ये असेल तर ठीक. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणंही वाईटच.

माझी गाडी रोज फक्त तीन-चार किलोमीटर जाते. तरी टक्के इतके भराभर का उतरतात?

‘कमी चालते म्हणून’ हेच उत्तर आहे. विचित्र वाटतं, पण गाडीचं म्हणणं खरं आहे.

एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थोडं पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइलमध्ये उतरतं. थंड इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं, आणि न जळलेलं थोडं त्याच वाटेने खाली जातं. लांब प्रवासात ऑइल नीट तापलं की हे दोन्ही उडून जातं. तीन किलोमीटरमध्ये ते तापतच नाही. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, तापलं. ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. रोज थोडं पाणी आत, बाहेर काहीच नाही. मग आम्ल तयार होतं, आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली रसायनं संपत जातात.

अशा गाडीच्या ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघा. कधीकधी तिथे दुधाच्या सायीसारखा पिवळट थर दिसतो. नुसता झाकणालाच असेल, पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर तो बहुधा याच ओलाव्याचा. पट्टीवरही तसंच दुधाळ दिसलं किंवा कूलंट उतरत असेल, तर गाडी चालवू नका. हेड गॅस्केट, म्हणजे कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील, गेल्याची शक्यता असते.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवून आणा. उभी करून नुसतं इंजिन चालू ठेवणं हा उपाय नव्हे. त्याने ऑइल नीट तापत नाही आणि फेऱ्या मात्र मोजल्या जातात.

वर्षभरात गाडी जेमतेम दोन हजार किलोमीटर गेली. दिवा लागला नाही. ऑइल बदलू का?

बदला. बहुतेक कंपन्या ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं लिहितात, आणि ऑइलसाठी ते महिने सहसा बाराच असतात. होंडाच्या पुस्तकातही आठवण आली नाही तरी वर्षातून एकदा बदलायला सांगितलेलं असतं. साध्या मोजणीच्या काही दिव्यांना कॅलेंडर कळतच नाही, त्यामुळे ती आठवण तुम्हालाच ठेवावी लागते.

‘ए१’, ‘बी३’ असं काहीतरी येतं. याचा अर्थ काय?

ही होंडाची पद्धत. अक्षर म्हणजे मुख्य काम, आकडा म्हणजे त्याच खेपेला उरकायचं जोडकाम. साधारणपणे ‘ए’ म्हणजे इंजिन ऑइल बदला; ‘बी’ म्हणजे ऑइल आणि फिल्टर दोन्ही, शिवाय ब्रेक, सस्पेन्शन, नळ्या यांची तपासणी. आकड्यांत १ म्हणजे टायरची पुढे-मागे अदलाबदल, २ म्हणजे एअर फिल्टर, एसीचा फिल्टर आणि बेल्टकडे लक्ष, ३ गिअरबॉक्सचं ऑइल, ४ स्पार्क प्लग वगैरे, ५ कूलंट, ६ मागच्या डिफरन्शियलचं ऑइल, तेही ते असलेल्या गाडीत, ७ ब्रेक ऑइल. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो.

तिथले टक्केही समजून घेण्यासारखे आहेत. १५ टक्क्यांना पहिली सूचना येते, ५ टक्क्यांना ‘आता करा’, आणि शून्यानंतर किती अंतर जास्त झालं ते वजा चिन्हासकट दिसायला लागतं. ते वजाचं चिन्ह मला फार आवडतं. उधारीच्या वहीसारखं दिसतं.

मर्सिडीजमध्ये ‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे लहान आणि मोठं सर्व्हिसिंग. फोक्सवॅगनमध्ये गाडी ठरावीक अंतरावर लावलेली आहे की लांब पल्ल्याच्या पद्धतीवर, हे आधी विचारा. लांब पल्ल्यात अंतर दोन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं, पण त्यासाठी त्याच दर्जाचं खास ऑइल लागतं. एका कंपनीचा ‘बी’ दुसरीच्या ‘बी’शी ताडून बघू नका.

रीसेट कसं करायचं?

प्रत्येक मॉडेलची खूण वेगळी, पण घराणी तीन-चारच आहेत. नव्या गाड्यांत स्टिअरिंगवरच्या बटणांनी मेनूमध्ये जायचं, देखभाल किंवा ऑइल लाइफ निवडायचं आणि बटण दाबून धरायचं. जुन्या टोयोटांमध्ये मीटरवर ट्रिप ‘ए’ आणायचं, किल्ली बंद करायची, मग ट्रिपचं बटण दाबून धरूनच किल्ली ऑनवर न्यायची. आकडे शून्य होईपर्यंत बोट काढायचं नाही. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत इंजिन चालू न करता किल्ली ऑन ठेवून पाच सेकंदांच्या आत ॲक्सिलरेटर तीनदा पूर्ण दाबायचा. शेजारी बसलेल्याला वाटतं याला काहीतरी झालंय.

काही गाड्यांत स्कॅनरशिवाय होत नाही. आणि रीसेट केल्यावर किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा चालू करून बघा. आठवण परत आली, तर ते झालंच नव्हतं.

सर्व्हिसिंग करून आणली, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा. काम केलंच नाही का?

शंभरातल्या बऱ्याच वेळा काम झालेलं असतं, रीसेट राहिलेलं असतं. पट्टी काढा. पेट्रोल गाडीत ताजं ऑइल मधासारखं पारदर्शक दिसतं. डिझेलमध्ये हा कस चालत नाही, तिथे नवं ऑइलही थोडक्याच वेळात काळं होतं.

उलटा प्रकार जास्त त्रासाचा. एका गॅरेजातून गाडी आणली, स्क्रीनवर १००%, बिलावर ऑइल आणि फिल्टर. घरी पट्टी काढली तर डांबर. परत नेली तेव्हा ‘पोरगं विसरलं असेल’ हे उत्तर मिळालं. असेलही. पण १००% चा आकडा म्हणजे कोणीतरी बटण दाबलं एवढाच पुरावा आहे. आता गाडी देताना जुना फिल्टर परत मागतो आणि ऑइलचा डबा माझ्यासमोर उघडायला सांगतो. लोक नाक मुरडतात, मुरडू देत.

ऑइल कमी होतं म्हणून अर्धा लिटर टाकलं. रीसेट करू?

नका करू. जुन्या आमटीत पाणी घालून ती ताजी होत नाही. पूर्ण ऑइल बदललं तरच रीसेट.

आणि दिवा लागण्याआधीच ऑइल बदललं असेल, तर मात्र रीसेट आठवणीने करा. नाहीतर गाडी जुन्या ऑइलचा हिशेब नव्यावर चालवत राहते.

बॅटरी काढली तर आकडे जातात का?

बहुतेक गाड्यांत नाही. घड्याळ आणि रेडिओचे चॅनल जातात, हा हिशेब कायमच्या मेमरीत असतो.

मेकॅनिक म्हणतो ५,००० ला बदला, गाडी म्हणते अजून ४५%. कोणाचं ऐकू?

कंपनीने सांगितलेलंच ऑइल घातलं असेल, गाडी वॉरंटीत असेल आणि तुमचं चालवणं साधं असेल, तर गाडीचं ऐका. मेकॅनिकचा आकडा बऱ्याचदा जुन्या मिनरल ऑइलच्या काळातला असतो. तो लबाडी करतोय असं नाही. त्याच्या हातून गेलेली इंजिनं त्या काळातली आहेत.

पण तीन ठिकाणी मी मेकॅनिकच्या बाजूला जातो. एक, धुळीचा रस्ता. हिशेबाला फेऱ्या कळतात, तापमान कळतं. हवेतली धूळ कळत नाही. दोन, जुनं, ऑइल पिणारं इंजिन. तीन, टर्बो असलेली आणि सतत ओझं ओढणारी गाडी. तिथे २०–३०% उरले असतानाच बदलून मोकळं व्हावं. थोडं लवकर बदललेल्या ऑइलने कुठलंही इंजिन गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी वेगळ्या प्रतीचं ऑइल घातलं तर गाडीला कळेल का?

नाही कळणार. सगळं गणित पुस्तकात लिहिलेल्या ऑइलवर बेतलेलं असतं. पुस्तकात ०डब्ल्यू-२० (ही ऑइलच्या पातळपणाची प्रत) सिंथेटिक लिहिलंय आणि डब्यातून स्वस्तातलं मिनरल गेलं, तरी स्क्रीन शंभरापासून त्याच चालीने उतरत येईल. भारीतलं घातलंत तरी तेच. आकडा जास्त दिवस टिकणार नाही.

ब्रेक आणि टायरची आठवणही अशीच हिशेबाची असते का?

इथे थोडं वेगळं आहे. अनेक गाड्यांत ब्रेक पॅडमध्ये एक बारीक तार पुरलेली असते. पॅड घासत घासत तिथवर आलं की तार तुटते आणि दिवा लागतो. ही खरी तपासणी झाली, अंदाज नाही. म्हणून पॅड बदलताना ती तारही नवी घालावी लागते, नाहीतर दिवा जात नाही. काही गाड्यांत फक्त एका-दोन चाकांनाच ती तार असते. बाकीची चाकं डोळ्यांनी बघायची. आणि अनेक स्वस्त गाड्यांत तारच नसते, तिथे पॅडवरची लोखंडी पट्टी डिस्कला घासून किंचाळते. ती किंचाळी हाच तुमचा दिवा.

ब्रेक ऑइलचं उलट. ते हवेतलं पाणी शोषतं, ब्रेक वापरा किंवा नका वापरू. डॉट-४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं; त्यात ३.७% पाणी शिरलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. मोठ्या उतारावर ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, तर पायाखालचं पेडल मऊ पडतं. गाडी हे पाणी मोजत नाही, ती फक्त दिवस मोजते. बऱ्याच कंपन्यांच्या हिशेबात दोन वर्षं.

टायरच्या हवेचा दिवा दोन जातींचा. एकात प्रत्येक चाकात दाबाचा सेन्सर असतो. दुसऱ्यात एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांच्या फेऱ्यांची तुलना होते: हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त फिरतं. या दुसऱ्या जातीत चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर दिवा गप्प राहू शकतो. हवा भरल्यावर तिथे रीसेट करावं लागतं, आणि ते हवा योग्य असतानाच करायचं.

डिझेल गाडीत काही वेगळं लक्षात ठेवायचं का?

हो, एक गोष्ट. नव्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी जादा डिझेल फवारून काजळी जाळते. ही जळण्याची क्रिया पूर्ण व्हायच्या आत तुम्ही दरवेळी इंजिन बंद केलंत, तर ते जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग पट्टीवर पातळी कमी नाही, वाढलेली दिसते. टक्के कितीही असोत, पातळी वरच्या खुणेच्या वर गेली की ऑइल बदलायचं.

इलेक्ट्रिक गाडीला ही आठवण कशाला?

इंजिन ऑइल नाही, एवढंच. बाकी एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल, बॅटरी थंड ठेवणारं कूलंट, टायरची अदलाबदल आहेच. उलट ब्रेककडे जास्त लक्ष द्यावं लागतं: वेग बहुतेक वेळा मोटरच कमी करते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात, पण डिस्क न घासल्याने गंजते.

वापरलेली गाडी घेतोय. स्क्रीनवर ९८% आहे, म्हणजे सर्व्हिसिंग नुकतंच झालंय ना?

म्हणजे रीसेट नुकतंच झालंय. त्याला दहा सेकंद लागतात. बिलं मागा, तारखा आणि किलोमीटर एकापुढे एक वाढत जातात का बघा. बिलं नसतील तर घरी आणल्यावर पहिलं काम ऑइल, फिल्टर आणि ब्रेक ऑइल बदलून रीसेट करणं. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) कधी बदलला हे कोणी सांगू शकत नसेल, तर तो बदललाच नाही असं समजा. कित्येक इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

दिवा लागल्यावर आणखी किती चालवता येते?

शून्याच्या पुढे दोन-तीनशे किलोमीटर गेले तर इंजिन बसत नाही. दोन-तीन हजार गेले तर मी तुमच्या शेजारी बसणार नाही. वॉरंटीचा प्रश्नही आहेच: उशीर किती चालतो ते पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि वाद झाला तर गाडीच्या मेमरीतला हिशेब कंपनी वाचू शकते.

एवढं सगळं गाडीच लक्षात ठेवते, मग वही ठेवायची गरज आहे का?

मी ठेवतो. डॅशबोर्डच्या कप्प्यात छोटी वही आणि पेन्सिल. पेनाची शाई उन्हात वाळते. फार काही लिहायचं नसतं. माझी शेवटची नोंद अशी आहे: ‘४२,३१०. ऑइल, फिल्टर. जुना फिल्टर बघितला. रीसेट केलं, किल्ली बंद-चालू करून तपासलं. पट्टी वरच्या खुणेच्या किंचित खाली. मागचं डावं पॅड अर्धं.’ त्या शेवटच्या वाक्यासाठी गाडीकडे दिवा नाही, माझ्या मॉडेलमध्ये मागच्या चाकांना तारच नाही.